तीन पुकारे

खोटं कागदावर घालायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा दंडक होता. बोलायचं असेल तर तोंडी बोला. कागद राहतो, तोंडचं वाऱ्यावर जातं. हे मला पहिल्याच आठवड्यात आमच्या हेडक्लार्कनं शिकवलं, आणि मीही चांगल्या विद्यार्थ्यासारखं मन लावून शिकलो. शाळेत एवढं मन लावलं असतं तर स्वतःच वकील झालो असतो.

ऑफिस घाटकोपरला, स्टेशनच्या पश्चिमेला, धान्याच्या दुकानावर. पन्नास सालानंतरची गोष्ट. घाटकोपर तेव्हा नुकतंच मुंबईत धरलं गेलं होतं, तरी कोर्टात जायला निघालो की आम्ही 'मुंबईला जातो' असंच म्हणायचो. माणसं तीन. एक साहेब, म्हणजे वकील. सोवळ्यातला माणूस, पूजा झाल्याशिवाय अशिलाचं तोंड बघायचे नाहीत. न्यायाधीशासमोर आपण उभ्या जन्मात खोटं बोललो नाही असं ते सांगायचे, आणि ते खरं होतं. त्यांना बोलावंच लागत नसे. त्यासाठी हेडक्लार्क होते आणि हेडक्लार्कना नको असेल ते करायला मी होतो. चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, टायपिंगची परीक्षा पास आणि अजून कायम न झालेला. कायम करायचं की नाही हे हेडक्लार्कच्या हातात.

आता पुकारा म्हणजे काय ते सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. कोर्टात खटल्याचा नंबर आला की पट्टेवाला दारात येऊन वादी-प्रतिवादीची नावं मोठ्यानं पुकारतो. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्याला प्रतिवादी आत आला नाही, तर वकील उठून म्हणतो, 'प्रतिवादी गैरहजर, एकतर्फी चालवावं.' मग एकाच बाजूचं ऐकून पाच मिनिटांत हुकूम होतो. समोरचा माणूस सकाळी दहापासून व्हरांड्यात तपश्चर्या करत बसला असेल, पण नेमका त्या तीन हाकांना मुतारीत असेल, तर तो कोर्टाच्या लेखी आलेलाच नाही. न्याय आंधळा असतो म्हणतात. आंधळा असेल नाही तर नसेल, पण तीन हाकांपलीकडे तो थांबत नाही एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता नंबर साधारण कधी येणार हे ज्याला आधी कळतं, त्याच्या हातात खटला. हेडक्लार्कना ते बरोबर कळायचं. सकाळी जाऊन आतल्या माणसांशी हसून-खिदळून ते बोर्डाचा, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांच्या यादीचा, अंदाज घ्यायचे आणि गरज असेल तर समोरच्या पार्टीला त्या वेळेपुरतं दूर करायचे. या प्रकाराला ऑफिसात नाव होतं, 'हवा खायला नेणं'. रोज नव्हे, उगाच बदनामी कशाला करू. वर्षातून दोन-चारदा. केस लंगडी असेल तेव्हाच.

ही केस लंगडी होती. चाळीचा मालक आमचा अशील. तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला एक खोली, तीत पन्नाशीची एक कोकणातली विधवा. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर तिनं त्याच खोलीत खाणावळ घातली. आमच्या कोकणातले आठ-दहा एकटे गडी तिच्याकडे जेवायचे. खोली गेली तर चूल गेली, चूल गेली तर ती गेली, इतकं सरळ गणित. मालकाला तिथं दुकान काढायचं होतं. पण दुकानासाठी म्हणून भाडेकरू निघत नाही, म्हणून दाव्यात आम्ही लिहिलं की मुलाचं लग्न ठरलंय, राहायला जागा नाही. मुलाचं लग्न खरंच ठरलं होतं. कागदावर खोटं नव्हतंच. फक्त वरच्या मजल्यावर मालकाच्या दोन खोल्या कुलूप लावून रिकाम्या पडल्या होत्या, ते आम्ही लिहिलं नव्हतं.

पहिल्या तारखेला बाई एकटीच आली. मी त्या दिवशी नव्हतो. न्यायाधीशांनी तिला सांगितलं, पुढच्या तारखेला तुमचं म्हणणं लेखी घेऊन या. हेडक्लार्क परत आले ते कपाळाला आठ्या घालूनच. "हा न्यायाधीश भाडेकरूंच्या बाजूचा आहे," म्हणाले. "त्या रिकाम्या खोल्यांचं त्याच्या कानावर गेलं की आपली वाट लागली." मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे असं बघून त्यांनी कधी चांगली गोष्ट सांगितली नव्हती. "तू मालवणाकडचा ना रे? तिनं तुला पाहिलेलं नाही. दुसऱ्या तारखेला तू यायचंस. तिला हवा खायला न्यायचं."

मी नको म्हटलं का? नाही. मनाला लागलं, रात्रभर तळमळलो, असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मी झोपलो, आणि चांगला झोपलो.

तारखेला गेलो तर ती व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसलेली. नऊवारी स्वच्छ धुतलेलं, कपाळ मोकळं, मांडीवर कापडात गुंडाळलेला कागद. पट्टेवाला आत-बाहेर करी तशी तिची मान हले. उठून पाणी प्यायलासुद्धा जात नव्हती. हेडक्लार्कनी लांबूनच मला डोळ्यानं खुणावलं: अर्ध्या तासात नंबर येतोय.

मी जवळ गेलो आणि आमच्या बोलीत म्हणालो, "मावशी, खंयच्या तुम्ही?"

बाई अशी चमकली आणि अशी हसली, की काय सांगू! परमुलखात कुणीतरी आपल्या घरातलं भांडं आणून पुढ्यात ठेवावं तसं तिला झालं. गावाचं नाव सांगितलं. माझ्या आजोळापासून कोसभर. हे मात्र मी ठरवलेलं नव्हतं. मग कोण कुणाचा, कुणाच्या आगरात किती माड, सगळं निघालं. मी कोर्टातलाच माणूस असं तिनं आपणहून धरलं, माझ्या बगलेत कागदांचा गठ्ठा होता ना. मीही ते खोडलं नाही.

"माजा नाव कधी पुकारतले रे?"

"तुमचो नंबर जेवणानंतर हा," मी म्हटलं. "तवसर हंय बसान काय करतलास? चला, चाय घेवया."

"मी उठलंय आणि हाक मारल्यानी तर?"

"मी आसय मा!"

ती उठली. मी आसय मा. तीन शब्द. कागदावर काही नाही.

कोर्टामागच्या गल्लीत एक चहाचं दुकान होतं, तिथं तिला आतल्या बाकावर बसवलं. तिनं कापड सोडून तो कागद माझ्यापुढं केला. "ह्या जरा वाच बघया. आमच्याकडे मास्तर जेवाक येतत, त्यांनी लिवल्यानी. बरोबर हा काय? माका काय कळता त्यातला?"

ती तिची कैफियत होती. मी वाचली. मास्तरांचं अक्षर सुरेख होतं आणि मजकूर त्याहून सुरेख. मालकाच्या वरच्या दोन खोल्या बंद आहेत, कोणत्या, कधीपासून, शेजाऱ्यांतलं कोण सांगेल, सगळं जागच्या जागी. आमच्या साहेबांनी सुद्धा इतकं नीट लिहिलं नसतं. हा कागद त्या न्यायाधीशाच्या हातात पडला असता तर आमचा दावा तिथंच झोपला असता. मला वेळ काढायचा होता, म्हणून मी सावकाश वाचलं, परत वाचलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी पेन्सिलीनं दुरुस्तीसुद्धा केली. चांगल्या केल्या. वेळकाढूपणा होता, पण काम वाईट करायची मला सवय नव्हती.

ती माझ्याकडे बघत राहिली होती. "तुझ्या आवशीन चांगला शिकवल्यान तुका," म्हणाली. मग मी कुठं राहतो ते विचारलं. खोटं बोलताना माणूस एका जागी सावध असतो आणि दुसऱ्या जागी गाफील. मी खरा पत्ता सांगून टाकला, तबेल्यामागची चाळ.

आम्ही परतलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. हेडक्लार्क जिन्यावरून उतरत होते, त्यांनी माझ्याकडे न बघताच टोपी सारखी केली. म्हणजे झालं. ती पुन्हा आपल्या जागी भिंतीला टेकून बसली. कोर्ट उठेपर्यंत बसली! मला निघून जाता आलं असतं, पण हेडक्लार्कनी सांगितलं होतं की शेवटपर्यंत थांब, नाहीतर ती आत जाऊन कुणाला विचारेल. तसं तिनं विचारायच्या आतच मी जाऊन सांगितलं, "आज होवक नाय मावशी. फुडची तारीख घराक कळवतले."

"माजो कागद?"

"जपान ठेवा."

इथपर्यंतचं हेडक्लार्कच्या डोक्यावर घालता येतं, आणि मी बरीच वर्षं घातलंही. हुकमाचा ताबेदार, दुसरं काय! पण पुढचं माझं एकट्याचं आहे.

एकतर्फी हुकूम झाला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. तीस दिवसांत अर्ज करता येतो, की मी कोर्टात हजर होते, पुकाऱ्याच्या वेळी चुकून बाहेर होते, माझं ऐकून घ्या. तो न्यायाधीश तर नक्की ऐकणारा. म्हणजे त्या बाईची खोली अजून तीस दिवस तिचीच होती. फक्त तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

विसावा-एकविसावा दिवस असेल. रविवारी सकाळी दारात उभी. हातात केळीच्या पानात गुंडाळलेल्या घावनांची गुंडाळी. पत्ता लक्षात ठेवून, तबेल्यावरून विचारत विचारत आली होती. बायकोनं पाट दिला, दोघींची लगेच गट्टी झाली, बायकोही आमच्याकडचीच. मावशी म्हणाली, "अजून कागद काय येवक नाय रे. मास्तर म्हणतत, कोर्टात जावन विचारूया. उद्या सोमवारी त्यांका सुट्टी हा, तेव्हा जावया म्हणतत. जाव काय?"

सोमवारी जा, मावशी. आजच मास्तरांना गाठा, उद्याच अर्ज द्या. एवढंच म्हणायचं होतं. ऑफिसात कुणाला कळलंही नसतं. कायम होण्याशी त्याचा संबंध नव्हता, हेडक्लार्क भिंतीत कान लावून बसले नव्हते. मग का नाही बोललो? भीती होती. अर्ज केला तर ती सांगणार, एक पोरगा मला चहाला घेऊन गेला. न्यायाधीश विचारणार कोण, ती बोट दाखवणार. त्या बोटाची मला भीती वाटली. आणि आणखी एक गोष्ट होती, ती जास्त घाणेरडी आहे. मला तिचा राग आला. इतका विश्वास ठेवतं का कुणी? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि चढलाच तर निदान डोळे उघडे ठेवावेत! कोण कुठला पोरगा आपल्या बोलीत दोन शब्द बोलला, की झाला सोयरा? तिच्या त्या भोळेपणानं मला आरसा दाखवला आणि मी आरशावरच चिडलो.

"कशाक जातास?" मी म्हटलं. "उगाच खेप पडतली. कोर्टाचो कागद आपणच घराक येता."

"तू म्हणतस तर रवलंय," ती म्हणाली. "मी घराकच आसतंय."

ती गेल्यावर बायकोनं घावनं ताटात काढली आणि विचारलं, "कसला कागद हो?" मी म्हटलं, "कोर्टाचं काम तुला काय कळतंय." घावनं खाल्ली. चार खाल्ली.

तीस दिवस गेले. एकतिसाव्या दिवशी हेडक्लार्कनी पुढचे कागद टाइप करायला दिले, ते मीच टाइप केले. एक चूक नाही.

कब्जा घ्यायला कोर्टाचा माणूस जातो, बेलीफ, आणि त्याच्याबरोबर वादीतर्फे कारकून. मालकानं त्या वेळी समोर यायचं नाही, हीसुद्धा आमची पद्धत. रडणं, शिव्याशाप, तळतळाट, जे काय निघेल ते कारकुनानं अंगावर घ्यायचं. हेडक्लार्क म्हणाले, "तूच जा. तुझी ओळख आहे." मी खरंच घाबरलो होतो. रस्ताभर मनाशी घोकत होतो, की ती काय बोलेल आणि मी खाली मान घालून कसं ऐकेन. ती थुंकली तर पुसायचं, एवढं ठरवलं होतं.

सकाळचे साडेनऊ-दहा. गडी जेवून कामावर गेले होते. ती भांडी घासत होती. बेलीफानं दारात उभं राहून हुकूम वाचायला सुरुवात केली, तशी ती राखेच्या हातांनीच बाहेर आली. तिला काही कळेना. शेजारची माणसं जमली. बेलीफ म्हणाला, "बाई, तुम्ही कोर्टात हजर राहिला नाहीत, तुमच्यावर एकतर्फी हुकूम झालाय, खोली खाली करा."

"हजर नाय? मी? दीसभर बसलेलंय मी थंय!" आणि मग तिला बेलीफाच्या मागे मी दिसलो.

मी मान खाली घातली. आता थुंकणार.

"अगो बाय! बरा झाला तू इलंस!" तिनं माझा हात धरून मला पुढं ओढलं. राख माझ्या सदऱ्याला लागली. "ह्येका इचारा. हो आमचो माणूस. कोर्टातच आसता. हो होतो माझ्यावांगडा. सांग रे झिला, सांग ह्यांका, मी इल्लंय काय नाय? माजा नाव कोणी पुकारल्यान काय?"

सगळी चाळ माझ्याकडे बघायला लागली. मास्तर तिथं होते की नाही मला माहीत नाही, मी बघितलं नाही. बेलीफाला सगळं ठाऊक होतं, तो तोंडातलं पान इकडून तिकडं करत हसू दाबत होता. मी जर तेव्हा 'होय, आली होती' एवढं म्हटलं असतं तर? कायद्यानं कदाचित काही झालं नसतं. पण ते माणसांनी ऐकलं असतं.

"मावशी," मी म्हटलं, शुद्ध मराठीत म्हटलं, "कोर्टाचा हुकूम आहे. मला काही बोलता येत नाही."

तिनं दोन क्षण माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, कळलं. नव्हतं कळलं. तिच्या चेहऱ्यावर मला दिसली ती कीव. "खरा हा," शेजारणीला म्हणाली, "नोकर माणूस. त्येचा तोंड बांधलेला. त्येका कशाक अडचणीत घालू?"

मग सामान बाहेर काढलं. त्याची यादी करावी लागते. तिनं बेलीफाला सांगितलं, यादी ह्याच पोराला करू दे, माझा त्याच्यावर भरवसा आहे. ती एक एक वस्तू आणून रस्त्याकडेला ठेवत होती, नाव सांगत होती आणि मी लिहीत होतो. पातेली, पाटा, वरवंटा, नवऱ्याचा फोटो. खाली ठरलेलं वाक्य असतं: 'सामान पूर्ण मिळाले, तक्रार नाही.' मी ते वाचून दाखवलं.

"तुझी कसली तक्रार, बाबा," म्हणाली आणि अंगठा पुढं केला. मीच धरून शाईला लावला आणि कागदावर टेकवला. नंतर मालकाच्या वतीनं कुलूपही मीच घातलं. तेव्हाही तिला वाटलं की ते कोर्टाचंच आहे. जाताना ती शेजारणीला सांगत होती, आपलो माणूस होतो म्हणान भांडीकुंडी तरी शाबूत रवली.

ऑफिसात हेडक्लार्क वाट बघत होते. "बोंबाबोंब झाली का रे?"

"नाही," मी म्हटलं. "मला आपला माणूस म्हणाली." आणि सगळं सांगितलं. का सांगितलं देव जाणे. बहुधा कुणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून.

हेडक्लार्क हसायला लागले, ते खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. उठून आत गेले आणि साहेबांना सांगितलं. साहेब हसले नाहीत, सभ्य माणूस. फक्त म्हणाले, "मुलाची जीभ चांगली आहे." पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

त्यानंतर कोकणातला कुणी भाडेकरू असला, मुलुंडचा असो की अंधेरीचा, की हेडक्लार्क म्हणायचे, याला पाठवा, याची भाषा चालते. मी गेलो. एकदाही नाही म्हटलं नाही. आणि भाषा दर वेळी चालली.

घरात मात्र मी ती बोलायची सोडली. बायकोनं काही विचारलं की पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचो. एकदा आई गावाहून आली होती, तिनं दारातच विचारलं, "कसो आसस रे झिला?" मी म्हटलं, "ठीक आहे. तू कशी आहेस?" आई हसली. वकिलाकडं राहून पोरगा शहाणा झाला, असं तिनं गावाला जाऊन सगळ्यांना सांगितलं.